जेनिवालनं नापसंत केलेली हॉटेलं

आमच्या इबुराच्या टेकडीवर कुणाला न्हाणीघरात लादी बसवायची असली की लोक जेनिवालला बोलवायचे आणि मग पस्तावायचे. काम एका दिवसाचं, हा बाबा चार दिवस लावणार. आधीच्या गवंड्यानं काय काय घाण करून ठेवली आहे ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार, आणि मग स्वतःच बसवलेली लादी बोटाच्या पेरानं ठोकत बसणार. आवाज जरा पोकळ आला की काढली लादी. घरमालकीण डोक्याला हात लावून बसायची. पण त्यानं बसवलेली लादी कधी सुटली असं मी तरी ऐकलं नाही.

मी आमारु, प्लास्टरवाला. चौतीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. मी भिंत सरळ करायची आणि त्यानं ती वाकडी आहे म्हणायचं, अशी आमची वाटणी होती. जूनमध्ये संत जुआंवची शेकोटी पेटते, तिच्यावरून हातात हात घालून तीनदा उडी मारली की दोन माणसं जन्मभराची कोंपाद्रे, म्हणजे मानलेले भाऊ, होतात. आम्ही ती उडी तरुणपणी मारली, आणि चुकून म्हणा किंवा कसं, ती दोघांनीही खरी मानली. त्याची बायको लिंदिनाल्वा, तिला सगळे नाल्वा म्हणतात, तीही मला कोंपाद्रेच म्हणते. म्हणायची.

बोआ व्हियाजेमच्या समुद्रकिनाऱ्यावर ओळीनं जी मोठाली हॉटेलं उभी आहेत त्यातल्या निम्म्यांच्या पोटात आम्ही दोघं फिरलोय. पाहुणे यायच्या आधी. दारं लागायच्या, गालिचे पडायच्या आधी. गालिचा पडला की आम्ही बाहेर, तो नियमच होता आणि त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. लादी कापताना पांढरी धूळ उडायची, ती आम्ही कधी धूळ मानलीच नाही. संध्याकाळी केसातून झटकायची आणि बस पकडायची. ती धूळ जेनिवालच्या छातीत जाऊन दगड झाली. साठीला आला तेव्हा कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा बसायचा. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं नळकांडं, आणि तोंड मात्र पहिल्यासारखंच चालू.

त्याची मुलगी जुसारा मॉलमध्ये अत्तराच्या दुकानात कामाला आहे. आईबापांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. तिनं ठरवलं की ह्या दोघांना एक दिवस तरी समुद्रावरच्या भारी हॉटेलात ठेवायचं, अगदी वरच्या मजल्यावर, सकाळचा नाश्ता धरून. "हॉटेल तुम्ही निवडा, बाकीचं मी बघते," ती म्हणाली. पोरीचा जीव मोठा. तिला बिचारीला काय माहीत.

काय माहीत नव्हतं ते मी आत्ताच सांगून टाकतो. एकवीस वर्षं गप्प राहिलो, आता गोष्टीतही लपवाछपवी केली तर माझ्यासारखा नालायक मीच.

नाल्वाला एक धाकटा भाऊ होता, जोसियास. वायरमन होता, सव्वीस वर्षांचा. त्यांची आई दोना किटेरिया कट्टर चर्चवाली. दारू नाही, सिगारेट नाही, नाच नाही. नाल्वानं आमच्या ह्या पिणाऱ्या-खाणाऱ्या जेनिवालशी लग्न केलं तेव्हा म्हातारीनं तिच्यावर पाणी सोडलं होतं, पण जोसियासवर तिचा सगळा भार. तो रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. कामावर यायचा तेव्हा गुआराना नावाच्या गोड सरबताची स्वतःची बाटली घेऊन यायचा, कारण आमच्या बाटलीत काय असतं ते त्याला माहीत होतं.

ग्रां-बारेता नावाच्या हॉटेलाचं काम चालू होतं. शेवटचा स्लॅब पडला त्या दिवशी रीतीप्रमाणे मुकादमानं सगळ्यांना काळ्या घेवड्याची आणि मांसाची फेजोआदा दिली. स्लॅबचं जेवण म्हणजे आम्हा लोकांचा सण. जेवण नवव्या मजल्यावर होतं, आणि टेबल कुठून आणणार? लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडावर फळ्या ठोकलेल्या होत्या, कुणी पडू नये म्हणून. त्या चांगल्या रुंद होत्या. जेनिवालनं आणि मी त्या काढल्या आणि विटांवर ठेवून टेबल केलं. दरवेळी असंच करायचो. जेवण झालं की परत ठोकायच्या.

कशासा, आमची उसाची दारू, फिरायला लागली. पहिला घोट संताच्या नावानं जमिनीवर सांडायचा असतो. जेनिवालला चढायला लागली होती, त्यानं संताचा वाटा जोसियासच्या शर्टावर ओतला. "घे मेहुण्या, तू पीत नाहीस तर निदान तुझा शर्ट तरी पिऊ दे!" सगळे हसले. मीही हसलो, आणि बराच वेळ हसलो. जोसियास चिडला, मग तोही हसला, आणि शर्ट पुसत पुसत हत्यारांची पेटी आणायला आत गेला. लिफ्टसमोरच्या जागेला खिडकी नव्हती. दिवसाढवळ्याही तिथं अंधार असायचा. तो टेकायला गेला. त्याला वाटलं फळ्या आहेत.

मुकादमानं आम्हा दोघांना बाजूला घेतलं. "फळ्या तुम्ही काढल्या असं लिहिलं तर तुम्ही आत जाल," तो म्हणाला, "तुमची पोरंबाळं रस्त्यावर. तो प्यालेला होता असं लिहिलं तर कुणाचंच काही होत नाही. गेलेला तर गेलाच. शर्ट हुंगून बघा." आम्हाला हुंगायची गरज नव्हती. आम्ही दोघांनी सही केली. जेनिवालची सही वाकडी आली, माझी सरळ आली. मला त्याची अजून लाज वाटते.

प्यालेल्या माणसाच्या आईला कंपनी काही देत नाही, ते तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे दोना किटेरियाचा त्या कागदावर विश्वास बसला. तिनं दफनाच्या वेळी गाणं म्हणू दिलं नाही. शवपेटीत बायबल ठेवू दिलं नाही. भिंतीवरचा फोटो उतरवून कपड्यांच्या पेटीत टाकला, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. देवाला फसवून चोरून पिणारा मुलगा, असा तो तिच्या लेखी मेला. आम्ही दोघं त्या दफनाला शवपेटी उचलायला होतो.

आता हॉटेल निवडायची गोष्ट.

रविवारची सकाळ होती. जेनिवालच्या गच्चीवर मक्याच्या पिठाचं वाफवलेलं कुस्कुस, चारके म्हणजे खारवलेलं सुकं मांस, आणि कॉफी असं सगळं मांडलेलं. जुसारा मोबाइलवर एकेक हॉटेल दाखवत होती आणि नाल्वा चष्मा सावरत बघत होती.

"हे बघा बाबा, निळ्या काचांचं. किती छान आहे!"

जेनिवालनं फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यात समुद्राची वाळू घातलीय. नदीची वाळू आली नाही तेव्हा समोरूनच उपसून आणली. आत मीठ सळया खातंय. तिथं मी माझ्या बायकोला झोपवू?"

"बरं, हे गच्चीवर तलाव असलेलं?"

"त्या तलावाखालच्या खोल्यांत मी तीनदा लाद्या बसवल्यात. वर श्रीमंत पोहतात आणि खाली भिंतीला घाम सुटतो."

"हे? ह्याच्यासमोर नारळाची झाडं आहेत."

"नाही. तिथं आमच्याबरोबर कामाला असलेला बेनेदितो गेला. उघडी वायर होती."

"बाबा, हे तर नवीन आहे. मागच्या वर्षीच उघडलंय."

"ते मी बांधलेलं नाही. काय माहीत आत काय असेल."

नाल्वानं कपाळावर हात मारला. "ऐकलंत ना कोंपाद्रे? ह्यानं बांधलं ते वाईट, आणि ह्यानं बांधलं नाही तेही वाईट. ह्या म्हाताऱ्याला घेऊन मी समुद्राच्या वाळूतच झोपते, किनाऱ्यावरची ती शार्कपासून सावध राहायची पाटी उशाला घेऊन."

"शार्क मला खाणार नाही," जेनिवाल म्हणाला. "माझ्यात दगड आहे, त्याचे दात पडतील." आणि हसता हसता त्याला असा खोकला लागला की जुसारा मोबाइल टाकून नळकांड्याकडे धावली.

तो जरा शांत झाल्यावर नाल्वा म्हणाली, "मला ग्रां-बारेता हवंय."

मी कॉफीचा कप तोंडाला लावला होता, तो तसाच धरून राहिलो. जेनिवाल म्हणाला, "ते बेकार आहे. तिथं उंदीर आहेत."

"इतक्या वरच्या मजल्यावर उंदीर?"

"लाद्या सगळ्या पोकळ आहेत."

"त्या तूच बसवल्यास ना? चौतीस वर्षांत तुझी लादी पोकळ निघाली असं आजच ऐकतेय." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "मला तिथंच जायचंय, जेनिवाल. त्यानं शेवटच्या वायरी तिथं ओढल्या. आईनं त्याच्या नावानं मेणबत्तीसुद्धा लावू दिली नाही मला. मी कुठं जाऊन रडायचं? तिथं दिवा लावीन आणि म्हणीन, जोसियास, हा दिवा तू लावलायस. एवढंच. तो प्यायला असेल नसेल, माझा भाऊ होता."

जुसारानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं तिथल्या तिथं खोली ठरवूनही टाकली.

नाल्वा भांडी घेऊन खाली गेली तेव्हा जेनिवालनं माझा हात धरला. त्याचा हात पूर्वी फरशीएवढा जड होता, आता त्यात काही उरलं नव्हतं.

"कोंपाद्रे, मी तिला सांगतो. मरायच्या आधी सांगतो. म्हातारीलाही सांगू."

"गप बस," मी म्हणालो. "काय मिळणार सांगून? तो परत येणार आहे? म्हातारी अठ्ठ्याऐंशीची झाली, सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही. चाळीस वर्षांचा संसार शेवटच्या महिन्यात मोडणार आहेस का?"

मी हे त्याच्या काळजीनं बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं. खोटं. मला माझी काळजी होती. तो सांगून मरून जाईल आणि टेकडीवर रोज नाल्वासमोरून मला चालावं लागेल, ही माझी काळजी.

"तुझं बरोबर आहे," जेनिवाल म्हणाला. तो माझ्याशी कधी सहमत व्हायचा नाही, म्हणून मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ठरल्या दिवशी मी माझ्या जुन्या गाडीतून दोघांना सोडायला गेलो. नाल्वानं निळा झगा घातला होता, केस बांधून घेतले होते. जेनिवालनं मुलीच्या लग्नातला कोट चढवला होता, तो आता त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. जुसाराची दुकानातली पाळी होती, म्हणून सामान आणि नळकांडं उचलायला मी.

हॉटेलच्या दारात पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस होता. त्यानं आम्हाला अडवलं नाही, उलट वाकून दार उघडलं. ते हॉटेल बांधताना मी त्याच दारातून सिमेंटची पोती आत नेली होती. आत गारवा होता आणि कसल्यातरी फुलांचा वास. काउंटरवरची मुलगी गोड होती, जेनिवालला "सेन्योर" म्हणत होती, चाळीस वर्षांबद्दल अभिनंदन करत होती. तो काही ऐकत नव्हता. तो पायाच्या टाचेनं लादी ठोकत होता, अगदी हळू.

"अकरावा मजला, समुद्राकडची खोली," मुलगी म्हणाली. "लिफ्ट उजवीकडे."

नाल्वा लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली. सोनेरी दार, त्यात आम्ही तिघं दिसत होतो. तिला एवढं ठाऊक होतं की जोसियास लिफ्टच्या खड्ड्यात पडला. तिनं दाराला हात लावला आणि विचारलं, "हीच का, कोंपाद्रे?"

"हीच," मी म्हणालो.

दार उघडलं. ती आत गेली. मी सामान आत सरकवलं. जेनिवाल बाहेरच उभा.

"ये ना," नाल्वा म्हणाली.

"मला लिफ्टनं गरगरतं. मी जिन्यानं येतो."

"वेडा आहेस का? अकरा मजले? पावाच्या दुकानापर्यंत जाताना तुझा जीव..."

"तू हो पुढं. दिवा लाव." दार मिटलं. सोनेरी दारात आता आम्ही दोघंच उरलो, आणि तो जिन्याकडे वळला.

मी त्याला शिव्या घातल्या. खांद्याला धरून ओढलं. त्यानं माझा हात झटकला. मग मी काय करणार, नळकांडं उचललं आणि त्याच्या मागं निघालो. तो जिना नोकरांचा, पाहुणे तिथं येत नाहीत. तिथं गालिचा नव्हता. भिंतीवर माझंच प्लास्टर होतं आणि कोपऱ्यात ते खरंच जरा वाकडं होतं. दर सहा पायऱ्यांनंतर तो थांबायचा, कठड्याला कवटाळून उभा राहायचा. त्याच्या छातीतून येणारा आवाज मला ऐकवत नव्हता.

"लिफ्टनं जाऊ या," मी म्हणालो. "डोळे मिटून घे."

"मी त्या भोकातून वर जाणार नाही, आमारु." त्यानं मला कोंपाद्रे म्हटलं नाही. "तो त्यातून खाली गेला आणि मी वर जाऊ?"

चौथ्या मजल्यावर तो बसला. ओठ निळे पडले होते. मी नळकांड्याची चावी पूर्ण फिरवली. वरून चपलांचा आवाज आला. नाल्वा त्याला शोधत जिना उतरत होती, एका हातानं झगा धरून. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घ्यायला लागली, पण त्यानं ते घेऊ दिलं नाही. ताठ बसला. आणि सांगितलं.

त्याच्यात श्वास नव्हता म्हणून तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. फळ्या. टेबल. शर्ट. कागद. एक तुकडा झाला की श्वास, मग दुसरा. मध्ये एकदा तो अडखळला तर पुढचं मी बोलावं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

नाल्वानं मुठीत धरलेली झग्याची कड सोडली. मग तिनं विचारलं, "तो एक थेंबही प्यायला नव्हता?"

"नाही."

"शर्टावर तू ओतलीस."

"मी."

"कोंपाद्रे, तुम्ही पण सही केलीत?"

"हो," मी म्हणालो.

ती उठून उभी राहिली. मला वाटलं ती त्याला मारेल. मारायला हवं होतं, आम्हा दोघांनाही. ती बोलली ते अगदी हळू बोलली. "त्या दिवशी आई कागद मानत नव्हती. माहीत आहे तुम्हाला? ती म्हणाली, कागद खोटा आहे, माझा मुलगा पीत नाही. तिनं मला तो शर्ट दिला आणि म्हणाली, पोरी, तू दारुड्याच्या घरात राहतेस, तुला वास कळतो, तू सांग. मी हुंगला. मी म्हटलं, हो आई. खरं आहे." ती कठड्याला टेकली. "आईनं कागद नाही मानला. तिनं मला मानलं."

जेनिवालनं तिच्या झग्याला लावायला हात पुढं केला. ती एक पायरी वर सरकली.

"ह्याला घरी घेऊन जा," ती मला म्हणाली. "मी वर राहणार आहे. मी त्याच्यासाठी आलेय, तुमच्यासाठी नाही." आणि ती जिन्यानंच वर गेली, उरलेले सात मजले.

हॉटेलच्या दोन नोकरांच्या मदतीनं मी जेनिवालला खाली आणलं. गाडीत तो पूर्ण वाटेत एवढंच म्हणाला, "सांगितलं." मी म्हणालो, "हो, सांगितलंस, आता कर मजा." असं बोलायला नको होतं. मी घाबरलो होतो आणि घाबरलो की मी असंच बोलतो.

नाल्वा दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती सरळ आईकडे गेली, तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. घरी आल्यावर तिनं जेनिवालचं सगळं केलं. औषध, वाफ, आंघोळ, गाळून केलेलं सूप. एक शब्द बोलली नाही. पाच आठवडे. तो तिला विचारायचा, आज बाहेर वारा आहे का, आणि ती खिडकी उघडायची, म्हणजे त्याला कळावं. शेवटच्या दिवसांत तो म्हातारीकडे जायचं म्हणत होता. पण तिचं घर टेकडीच्या खालच्या अंगाला, ऐंशी पायऱ्या. एका मंगळवारी सकाळी तो गेला, तोंड खिडकीकडे करून. नाल्वा रडली, खूप रडली. मी जवळ गेलो तर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "गुरुवारी दहा वाजता आईकडे या. त्याच्या वाटणीचंही तुम्हीच सांगायचं आहे."

आता तिनं मला कोंपाद्रे म्हणणं सोडलं होतं.

गुरुवारी मी धुतलेला शर्ट घालून गेलो. म्हातारी पाठ उंच असलेल्या खुर्चीत बसली होती, एवढीशी, मांडीवर जाड अक्षरांचं बायबल. नाल्वा म्हणाली, "आई, हे जोसियासबद्दल सांगायला आलेत."

एकवीस वर्षं जे नाव तिनं घेतलं नव्हतं ते ऐकून तिनं तोंड फिरवलं. "जोसियास पितो," ती म्हणाली. "मला त्याचं काही सांगू नका."

मी गुडघ्यावर बसून सांगितलं. जेनिवालसारखं तुकड्या-तुकड्यानं नाही, मला श्वास भरपूर आहे. ऐकता ऐकता तिनं बायबल मिटून छातीशी धरलं. "त्या फळ्या कुणी काढल्या?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मी. तिनं मला जे शाप दिले ते मी मान खाली घालून घेतले, आणि खरं सांगायचं तर त्यातला एकेक शाप मला गोड लागला. मग तिनं नाल्वाला जवळ ओढलं, पेटीतून फोटो काढायला लावला, आणि त्या फोटोवर हात फिरवत "माझं लेकरू, माझं स्वच्छ लेकरू" म्हणत रडली. परत येताना ऐंशी पायऱ्या मी पोरासारखा चढलो. सुटलो, असं मनात म्हणालो.

रविवारी नाल्वा माझ्या दारात आली. सकाळी ती चर्चला जाण्याआधी आईकडे गेली होती. फोटो पुन्हा पेटीत होता. म्हातारीला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. नवं तिच्या डोक्यात टिकत नाही, जुनं तेवढं घट्ट बसलेलं आहे. जोसियास पितो, एवढंच तिथं पक्कं आहे, आणि ते आम्ही बसवलेलं.

"गुरुवारी या," नाल्वा म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी जातो. आता आठ महिने झाले. दरवेळी ती तोंड फिरवते, दरवेळी मी गुडघ्यावर बसतो, दरवेळी फळ्या कुणी काढल्या ते विचारते. शाप आता गोड लागत नाहीत. काही गुरुवारी ती रडते, काही गुरुवारी नुसती थकून झोपते. नाल्वा दाराशी उभी राहून ऐकते, मी एखादी गोष्ट गाळली की म्हणते, "शर्ट राहिला." मग मी शर्ट सांगतो.

परवाच्या गुरुवारी म्हातारीनं शाप दिले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, ह्यावेळी बसलं, ह्यावेळी टिकेल. ती माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे तो पीत नाही? आणि मी वेडी, त्याला घरात घेत नव्हते. तुम्ही त्याच्याबरोबरच कामाला आहात ना?"

मी नाल्वाकडे बघितलं. 

"हो," मी म्हणालो.

"मग त्याला आजच बोलावलंय असं सांगा. नाल्वा, कुस्कुस टाक जास्तीचं." तिनं मला हातानं दाखवून दुसरी एक खुर्ची दाराकडे वळवायला लावली, आणि तिच्यावर मला बसवलं. "इथं बसा. वरून पायऱ्या उतरताना दिसला की मला सांगा," ती म्हणाली. "मला आता लांबचं दिसत नाही."

आत नाल्वानं पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. मी पायऱ्यांकडे बघत बसलो.